पायाखालचा आवाज

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेल्या, अंगावर नक्षी काढलेल्या, गळ्यात घुंगरांच्या माळा घातलेल्या म्हशी. पुढं मालकाची मोटारसायकल, तीही सायलेन्सर काढलेली. मालक रेस पिळतो, उघड्या पायपातून फाडफाड आवाज सुटतो आणि म्हैस त्याच्यामागं अशी धूम ठोकते की बघायला आलेले पाहुणे भिंतीला चिकटतात. गवळी सांगतात, शेजारून दुसऱ्याची गाडी तेवढीच बोंबलत गेली तरी म्हैस तिच्यामागं जात नाही. मालकाची हाक असते, रोजची सवय असते, सगळं खरं. पण आपल्या गाडीचा आवाजही ती ओळखते, असं ते छातीठोकपणे सांगतात आणि मला ते पटतं. आवाज किती मोठा याच्याशी तिला देणंघेणं नाही. कुणाचा आहे आणि काय करायला सांगतोय, एवढं तिला पुरतं.

हल्ली मला या म्हशी वारंवार आठवतात, त्याला कारण माझा मामेभाऊ. बांधकामाच्या धंद्यात चार पैसे जमले आणि त्यानं एक जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड, दोन दारांची, दोन लिटरची, चार सिलिंडर, टर्बो. पहिला आठवडा रंकाळ्याभोवती फेऱ्या मारण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात फोन आला, “ताई, आवाज बसंना झालाय. एक्झॉस्ट बदलू का?”

मला विचारायचं कारण असं, की शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी क्वालिटी बघते आणि आमच्याकडं एक्झॉस्ट मॅनिफोल्डची कास्टिंगं होतात. धुराचा रस्ता ओतणाऱ्या बाईला धुराच्या आवाजातलं सगळं कळत असणार, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा आहे, पण अगदीच चुकीचा नाही.

फाउंड्रीत कान लागतोच. एसजी आयर्नचं, म्हणजे गोळीदार ग्राफाइटच्या लोखंडाचं, कास्टिंग फेटलिंग (घासून साफ) होऊन आलं की जुनी माणसं ते टांगून हातोडीनं हलका ठोका मारायची. ग्राफाइट गोळीच्या आकारात नीट बसलेलं असेल तर तुकडा ठण्ण वाजतो आणि बराच वेळ वाजत राहतो. ग्राफाइट बिघडलेलं असेल तर सूर खाली येतो. ग्रे आयर्नमध्ये ते मुळातच पात्यांच्या रूपात असतं, ती पाती कंप गिळून टाकतात, म्हणून ग्रे आयर्न बद्द वाजतं. आणि म्हणूनच इंजिनाचे ब्लॉक, ब्रेकच्या डिस्क, लेथचे बेड त्याचे करतात. आता ठोका मारून वारंवारता मोजणारी यंत्रं आली आहेत. तरी नवीन पोरगा यंत्राकडं बघायच्या आधीच आमचा जुना फोरमन मान हलवतो. एवढंच की तो ठोका कुणाला खूश करायला मारलेला नसतो. आत काय आहे, ते त्यातून बाहेर येतं.

आमचे आबा उद्यमनगरात फिटर होते. ऑइल इंजिनांची सगळी दुनिया तिथं होती आणि त्यांची अर्धी तपासणी कानानं व्हायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. टॅपेट वाजतंय, बेरिंग गेलंय, एक सिलिंडर मिसिंग मारतोय, हे ते उभ्या उभ्या सांगायचे. थंडीत ते मला पन्हाळा तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर न्यायचे, तिथल्या इंजिनाची देखभाल त्यांच्याकडं होती. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, पट्ट्यावर चरक. चरक रिकामा असताना ठोका सैल, निवांत. उसाची मोळी आत गेली की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर जास्त डिझेल सोडायचा आणि तोच ठोका जड व्हायचा, छातीत लागायचा. गुळव्या काहिलीवर पाठमोरा उभा असायचा. चरकावरच्या माणसानं ऊस जास्त कोंबला की तो वळून न बघताच शिवी हासडायचा.

आबांची फियाट पद्मिनी होती. १,०८९ सीसी, जेमतेम ४० हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या, हे दाखवणारा काटा तिच्यात नव्हताच. जोतिबाच्या चढाला गिअर कधी टाकायचा हे इंजिन सांगायचं आणि उशीर केला तर अख्खी गाडी थरथरून सांगायची. तिला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण चालवणाऱ्याशी ती एकसारखी बोलत असायची.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडरचं इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला १०० फेऱ्या मारतं, म्हणजे २०० ठोके. त्याच वेगाला सहा सिलिंडरचे ३००. दहा सिलिंडर ९,००० वर नेले की ७५०, बारा सिलिंडर ९००. इंजिन ‘किंचाळतं’ असं म्हणतो तेव्हा मुळात हे ठोके इतके जवळ आलेले असतात की त्यांचा सलग सूर होतो.

पण नुसत्या सुराची उंची सांगून भागत नाही. अमेरिकन पद्धतीच्या व्ही८ मध्ये, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगांच्या इंजिनात, क्रँकच्या पिना एकमेकींशी ९० अंशांत असतात. आठही सिलिंडर मिळून ठोके समान अंतरानं पडतात, पण एका बाजूच्या चार सिलिंडरचा हिशेब वेगळा काढला तर ते अडखळत पडतात. दोन्ही बाजूंचे पाइप वेगळे असतील तर ते अडखळणं आपल्याला गुरगुर म्हणून ऐकू येतं. २०१६ पासून भारतात विकली गेलेली मस्टँग जीटी हायवेवर तावडे हॉटेलच्या आसपास कधी भेटलीच तर मुद्दाम ऐका. फेरारीच्या व्ही८ चा क्रँक सपाट असतो, पिना १८० अंशांत. प्रत्येक बाजू समान अंतरानं पेटते आणि गुरगुर जाऊन चिरत जाणारा आवाज येतो. सिलिंडर आठच, लोखंडाचा एक दांडा वेगळा वळवला, एवढाच फरक. शिवाय मूळ सुराच्या वर त्याचे पटीतले सूर असतात आणि कोणते पुढं येणार हे पाइपांची लांबी, त्यांचा मेळ, हवेच्या पेटीचा आकार यावर ठरतं. उस्ताद अल्लादिया खाँ ज्या दरबारात गायले त्या गावात हे वेगळं समजवावं लागू नये: तानपुऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी जुळलेल्या तानपुऱ्यातून गंधार ऐकू येतो. चांगल्या इंजिनातलं असंच, कुणी वाजवत नसलेलं काहीतरी कानावर पडतं.

लेक्सस एलएफए हे याचं नेहमीचं उदाहरण. २०१० ते २०१२ या काळात फक्त ५०० गाड्या बनल्या. ४.८ लिटरचं व्ही१० इंजिन लेक्ससनं यामाहाबरोबर घडवलं आणि आवाजाच्या कामात यामाहाच्या वाद्यांच्या बाजूचा अनुभवही वापरला. ते इंजिन आयडलवरून ९,००० वर ०.६ सेकंदात पोचायचं. काटा तेवढ्या वेगानं फिरू शकत नाही म्हणून डिजिटल मीटर लावला, हे कंपनीनं तेव्हा अभिमानानं सांगितलं होतं. जाहिरातीचा भाग त्यात असणारच. पण तीच यामाहा कोल्हापुरात कुणाला माहीत नाही? १९८५ ते १९९६ या काळात निघालेली आरएक्स १०० इथं अजून जपून ठेवलेली दिसते आणि तिच्यासाठी अवाच्या सवा किंमत मोजणारे शौकीन गल्लोगल्ली आहेत.

आरएक्स १०० वर मी जरा थांबणार आहे. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा शेवटी जोडलेला डबा नसतो, तो इंजिनाचाच भाग असतो. त्याचं पोट फुगतं आणि पुढं निमुळतं होतं. धूर सुटला की दाबाची लाट त्या पोटातून जाते, निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट ठरावीक वेगालाच वेळेवर पोचते. म्हणून टू-स्ट्रोक गाडी एका आरपीएमच्या वर अचानक जिवंत होते आणि त्याच क्षणी तिचा आवाज पालटतो. जोर वाढणं आणि आवाज पालटणं ही एकाच लाटेची कामं. म्हणून तिचा सायलेन्सर कापून आवाज वाढवणाऱ्याचा पिकअप बहुतेक वेळा जातो. फोर-स्ट्रोकमध्येही पाइपांची लांबी बरोबर असली की एका सिलिंडरच्या धुराची लाट दुसऱ्याचा धूर ओढून नेते. तिथंही आवाज कामातून निघतो.

मग एका रविवारी सकाळी मामेभाऊ गाडी घेऊन दारात आला. शिवाजी पूल, आंबेवाडी, केर्ली असं करत वाघबीळपर्यंत त्यानं चालवली. पुढं पन्हाळ्याची वळणं लागायच्या आधी मी म्हटलं, “दे, मी घेतो जरा.”

गाडी झकास होती. बसणं खाली, ब्रेक घट्ट, वळणात अंग टाकत नव्हती. पद्मिनी जिथं दुसऱ्या गिअरवर कण्हायची तिथं हिला काहीच वाटत नव्हतं. आवाजही चांगला, जाड, जरा घोगरा. मी म्हटलं, “बरा आहे की रे, कशाला बदलतोस?” त्यानं काही न बोलता हात पुढं करून स्पोर्टचं बटण दाबलं.

माझा पाय जिथल्या तिथं होता. त्या क्षणाला गिअर तोच, वेग तोच, चढ तोच. आवाज मात्र दुप्पट झाला.

मी गाडी कडेला घेतली. त्यानं स्क्रीनवरच्या पाच-सहा पायऱ्या उतरून इंजिनाच्या आवाजाची सेटिंग शोधली आणि बंद केली. परत निघालो तर गाडीत टायरचा आवाज, वारा आणि कुठंतरी लांब एक सभ्य घरघर. इतका वेळ ऐकलेलं निम्मंशिम्मं स्पीकरमधून येत होतं. “हे कळल्यापासनं मला झोप नाही,” तो म्हणाला. त्याला कमीपणा वाटत होता आणि मला खरं सांगायचं तर राग आला होता. फसवलं म्हणून नव्हे. मी त्या आवाजावर गिअर टाकत होते म्हणून.

हे काही चोरून होत नाही. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून भरून काढायची सोय आली तेव्हा कंपनीनं ते उघड सांगितलं होतं. आता बऱ्याच जणांकडं ते असतं. त्यामागची कारणंही खोटी नाहीत. गाडीतला कंप आणि गोंगाट मारायला इतकी हुशारी खर्च होते की इंजिन आत ऐकू येईनासं होतं. त्यात टर्बो. टर्बो म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेलं टर्बाइन. सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट त्याच्या पात्यांवर आदळते, तिच्यातली ताकद हवा आत कोंबायला वापरली जाते आणि पलीकडं जाते ती थकलेली, सपाट झालेली लाट. पेट्रोल टर्बोत धूर हजार अंशांच्या आसपास तापतो. तिथं साधं लोखंड टिकत नाही, सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं एसजी, निकेलचं लोखंड नाहीतर थेट कास्ट स्टील लागतं. आमच्याकडं असल्या कामात रिजेक्शन जास्त निघतं, त्यामुळं टर्बोबद्दल माझं मत आधीच थोडं वाकडं आहे, हे धरून वाचा.

त्यावर कायदा. युरोपात सप्टेंबर २०१८ पासून थेट इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातल्या कणांची कडक मर्यादा लागू झाली आणि बहुतेकांनी धुराच्या वाटेत आणखी एक फिल्टर बसवला. आवाजाची मर्यादा २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं खाली येत गेली. शेवटच्या टप्प्यात साध्या मोटारीला ६८ डेसिबल, अतिशय ताकदवान आणि बुटक्या गाड्यांना ७२. त्यामुळं इंजिनंच बदलली. मर्सिडीज-एएमजीची सी ६३ चार लिटरच्या व्ही८ साठी ओळखली जायची, तिला २०२२ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर आणि सोबत विजेची मोटर मिळाली. ताकद ५१० पीएसवरून ६८० वर गेली आणि चाहते मात्र हळहळले. फॉर्म्युला वनमध्ये तर २०१४ साली १८,००० आरपीएमचं व्ही८ जाऊन १.६ लिटरचं टर्बो व्ही६ आलं तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की मर्सिडीजनं चाचणीत एक्झॉस्टला कर्ण्याच्या तोंडासारखा पाइप लावून बघितला. फारसा उपयोग झाला नाही. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात जे गेले त्यांनी तो जुना व्ही८ शेवटचा ऐकला.

आवाज कमी झाला याचं दुःख मला कमी आहे. माझी तक्रार टर्बोच्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल आहे आणि ती सहसा कुणी आवाजाशी जोडत नाही. जुनं, टर्बो नसलेलं इंजिन वर चढत जाईल तसा त्याचा जोर वाढत जातो. आवाज चढतो, जोर चढतो, दोन्ही बरोबर. म्हणून कानाला कळतं की अजून किती शिल्लक आहे. आधुनिक टर्बो इंजिन दोन हजार आरपीएमच्या आतच आपला सगळा पीळ (टॉर्क) देऊन बसतं आणि पुढं तो सपाट राहतो. आवाज चढत राहतो, पण पाठीला बसणारा रेटा तोच. कान एक सांगतो, पाठ दुसरं. फेरारीला हे नेमकं कळलं होतं. त्यांच्या ४५८ या गाडीचं ९,००० पर्यंत जाणारं इंजिन जाऊन २०१५ मध्ये टर्बोची ४८८ आली, तेव्हा त्यांनी खालच्या गिअरमध्ये मुद्दाम कमी पीळ सोडायचा आणि आरपीएमबरोबर तो वाढवत न्यायचा अशी व्यवस्था केली. असलेली ताकद हातची राखून ठेवायची, तर का? चालवणाऱ्याला चढ जाणवावा म्हणून. नुसता कर्णा लावण्यापेक्षा हा विचार मला कितीतरी वरचा वाटतो.

पाय आणि इंजिन यांच्यामध्ये पूर्वी एक वायर होती, शब्दशः. अ‍ॅक्सिलरेटरची वायर. ती कधी अडकायची, तुटायची, आबांच्या डिकीत एक जास्तीची असायची. आता पेडल एक आकडा पाठवतं आणि संगणक ठरवतो किती उघडायचं. स्टिअरिंगचंही तेच. हायड्रॉलिक पंप जाऊन विजेची मोटर आली, त्यात इंधन वाचतं, पार्किंगला हलकं होतं. पण रस्त्यातली खरखर हाताला पोचायची ती गाळून पोचते. पोर्शच्या ९११ नं २०११ मध्ये हा बदल केला तेव्हा जुन्या भक्तांनी सुतक पाळलं. नंतर मोटरवाली स्टिअरिंगं बरीच सुधारली हे मान्य करायला हवं. लोटसनं एमिरामध्ये मात्र हायड्रॉलिकच ठेवलं. मला त्या दोन्ही गाड्या चालवायला मिळण्याची शक्यता नाही, तेव्हा इथं थांबते.

फटाक्यांबद्दल मात्र थांबणार नाही. पाय काढल्यावर मागून फट-फट-फटाक. पूर्वीच्या रेसच्या गाड्यांत हे आपोआप व्हायचं: न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन पेटायचं. आता ते ठरवून करतात. तुम्ही पाय काढला की संगणक थोडं पेट्रोल सोडतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि स्फोट पाइपात घडवून आणतो. म्हणजे पाय सांगतोय थांब, आणि गाडी रस्त्यावरच्या लोकांना सांगतेय बघा मी किती जोरात आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो तो वेगळाच. बुलेटवाली पोरं चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून हाच प्रयोग फुकटात करतात. ‘पंजाब’ नाहीतर ‘इंदोरी’ सायलेन्सर लावायचा, आतली पुंगळी काढायची आणि रात्री अकराला सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, रस्त्यानं जायचं. पोलीस अधूनमधून सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रोलरचे फोटो बघून मला वाईट वाटत नाही. पोरांची बुलेट आणि कोटीची जर्मन गाडी या एका बाबतीत अगदी सारख्या वागतात: दोघींचा आवाज चालवणाऱ्यासाठी नसतो.

आणि इथंच मला माझी रेघ सापडते. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, तिला कधी कुणी आवाज नाही म्हणून नावं ठेवली नाहीत. शांत जाणं हेच तिचं काम. शांतता हा दोष नाहीच. दोष आहे तो पायाशी नातं नसलेल्या आवाजाचा. म्हणून पोर्शनं ९११ मध्ये केलेली एक जुगाडू गोष्ट मला चालते: हवा आत घेण्याच्या वाटेपासून एक नळी, तिच्यात एक पडदा, आणि नळी थेट केबिनकडं. टोयोटानं ८६ नावाच्या गाडीतही असंच केलं. स्पीकर नाही, रेकॉर्डिंग नाही. इंजिन श्वास घेतं तो श्वास आत ऐकू येतो आणि बाहेर सीपीआरमधल्या पेशंटला काही त्रास नाही. फेरारीच्या २९६ जीटीबीतही एक्झॉस्टचा आवाज आत आणणारी नळी आहे. तिच्या १२० अंशांच्या व्ही६ ला कंपनीतच छोटा व्ही१२ म्हणायचे.

हे सगळं मी मामेभावाला पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाताना ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता, म्हणजे काहीतरी शिजत होतं. मग त्यानं फोन पुढं केला. ह्युंदाईची आयोनिक ५ एन, २०२३ ची, पूर्ण विजेवरची. हिला गिअर नाहीत, एक्झॉस्ट नाही. तरी ती चालवणाऱ्याला आठ गिअरचा भास देते. पॅडल ओढलं की क्षणभर जोर तोडते, झटका देते, आवाज त्या खोट्या गिअरप्रमाणे चढवते-उतरवते. आणि तुम्ही वेळेवर पुढचा गिअर टाकला नाही तर खोट्या रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेला, जाऊन अडकते. वेग वाढायचा थांबतो, मोटरमध्ये ताकद असूनही.

“आता बोल,” तो म्हणाला. “हितं तर सगळंच खोटं.”

मी ती गाडी चालवलेली नाही. पण माझ्याच रेघेनं मोजायचं तर ती पास होते. तिथला आवाज पायाला बांधलेला आहे. आवाज चढला की जोर चढतो, आवाज अडला की गाडी अडते. त्यावर गिअर टाकला तर फसगत होणार नाही. तज्ज्ञ चालक रेस ट्रॅकवर तो मोड चालू ठेवतात, कारण वळणाआधी काट्याकडं न बघता वेगाचा अंदाज येतो, असं मी वाचलंय आणि त्यात मला काही अशक्य वाटत नाही. उलट त्याची स्वतःची गाडी, जिच्यात खरं इंजिन आहे, खरा धूर आहे, ती बटण दाबल्यावर पाय न हलवता ओरडते. खरं इंजिन खोटं बोलतंय आणि विजेची मोटर खरं.

“म्हणजे तुला खोटं चालतं,” तो भाकरी मोडत म्हणाला, “फक्त शिस्तीत पाहिजे.”

मी आबांचा स्क्रू ड्रायव्हर, गुऱ्हाळाचा ठोका, फाउंड्रीतली हातोडी असं सगळं पुढं करून बघितलं. तिथं कुणी ठोका रचलेला नव्हता, तो आपोआप पडत होता, हा फरक आहे ना? तो म्हणाला, “ताई, व्ही१० चा आवाज यामाहाच्या लोकांनी बसून रचलेलाच की.” यावर मी ठेच्याची वाटी त्याच्याकडं सरकवली.

उतरताना गाडी त्यानं घेतली. स्पीकर बंद, खिडक्या उघड्या. डाव्या बाजूला डोंगराची कापलेली भिंत आली की टर्बोची शीळ आणि मागचा जाडसर ठोका परतून आत यायचा, भिंत संपली की जायचा. दोन-तीन वळणांनंतर तो भिंत बघून गिअर टाकायला लागला. एक्झॉस्टचं कोटेशन अजून त्याच्या फोनमध्ये पडून आहे. पोरगं म्हणतंय दिवाळीनंतर बघू. आवाजाची सेटिंग त्यानं बंदच ठेवलीय. सासरची माणसं बसली की तेवढी चालू करतो.